नकाशाबाहेरची माणसे



मोठ्या कंपन्यांनी नफ्या-तोट्याच्या हिशेबाबरोबर आणखी एक हिशेब द्यावा, असा दंडक आता रूढ झाला आहे. पर्यावरण, समाज आणि सुशासन या तीन बाबतींत आपले वर्तन कसे होते, हे त्यांनी जाहीरपणे सांगायचे. 'सेबी'ने २०२१ मध्ये अशा अहवालाचा नमुना ठरवून दिला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक केला. गिरगाव, दादर किंवा परळ येथील वास्तुविशारदाचे लहानसे कार्यालय या यादीत येत नाही. तेथे पाच-दहा माणसे, काही संगणक आणि नकाशांच्या गुंडाळ्या, एवढाच पसारा. परंतु अशा कार्यालयात आखलेली भिंत पन्नास-साठ वर्षे उभी राहते. म्हणून अहवालाची सक्ती नसली, तरी एक प्रश्न त्या कार्यालयाला आणि त्याला काम देणाऱ्या आपणां सर्वांना टळत नाही. ज्यांनी या कामाचे पैसे दिले नाहीत, पण ज्यांना त्याचे परिणाम सोसायचे आहेत, त्यांचा विचार कोणी केला?

या प्रश्नाची दोन उत्तरे मुंबईत एकमेकांच्या शेजारी उभी आहेत.

पहिले उत्तर दादरचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि हवा-उजेड नसलेल्या दाट वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या वस्त्या पाडताना या ट्रस्टने अनेक गरिबांना बेघर केले, ही गोष्ट विसरता येणार नाही. तथापि दादर-माटुंग्याची नवी वसाहत आखताना त्याने एक शहाणपण दाखवले. रस्ते, बागा आणि दोन इमारतींमधील अंतर आधी ठरवले, घरे नंतर आली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हा सारा परिसर त्या क्रमाचे फळ आहे. तेथील झाडांच्या सावलीत आज बसणाऱ्या माणसाने त्यासाठी एक रुपयाही मोजलेला नाही. तरीही शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशात त्याची जागा राखून ठेवलेली होती.

दुसरे उत्तर दादरच्या पुढच्याच स्थानकाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर परळ-लालबागची धुराडी एकामागून एक थंडावत गेली आणि ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन हाच मोठा प्रश्न होऊन बसला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्यावर तोड काढली होती. ढोबळमानाने सांगायचे तर एक-तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक-तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. १९९६ मध्ये राज्य सरकारने ख्यातनाम वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा विचार करून या गटाने सुचवले, की जमिनींचा तुकड्या-तुकड्यांनी विचार न करता त्या एकत्र पाहाव्यात, म्हणजे मोकळ्या जागा उपयोगी पडतील तेथे काढता येतील. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या परिसरात पादचाऱ्यांसाठी प्रशस्त चौक असावा, अशीही त्यात कल्पना होती.

तो आराखडा अमलात आला नाही. २००१ मध्ये नियमातच दुरुस्ती झाली. आता वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची व शिल्लक चटईक्षेत्राची होणार होती. गिरण्यांची बहुतेक जमीन शेडखाली होती, त्यामुळे लोकांच्या वाट्याला येणारा हिस्सा एकदम आक्रसला. पर्यावरणप्रेमी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ ची दुरुस्ती ग्राह्य धरली. घरांसाठी सुमारे दीड लाख कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. या अर्जदारांसाठी पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी.

त्यानंतर परळमध्ये काचेचे मनोरे उभे राहिले. प्रत्येकाचा नकाशा स्वतंत्रपणे तयार झाला आणि स्वतंत्रपणे मंजूर झाला. यांतील अनेक इमारती उत्तम असतील, काहींना पर्यावरणपूरकतेची प्रमाणपत्रेही असतील. परंतु या सर्व इमारतींत मिळून रोज किती माणसे येतील आणि ती स्थानकाबाहेर कशी पडतील, ही बेरीज करणे कोणाच्याच कामाचा भाग नव्हते. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, भर पावसात, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. बाहेर पडण्याचा मार्ग न सापडल्याने अनेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता.

या दुर्घटनांचा दोष एकट्या वास्तुविशारदांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रेल्वे, महापालिका, मालक आणि परवानाधारक यांचे उत्तरदायित्व मोठे आहे. परंतु नकाशा काढणाऱ्याला निदान एवढे तरी ठाऊक असते, की दाराची रुंदी म्हणजे माणसे किती वेळात बाहेर पडतील याचे माप आहे. जे ठाऊक आहे ते ग्राहकाला स्पष्टपणे सांगणे, ही त्याच्या जबाबदारीची पहिली पायरी होय. सल्ला मानला गेला नाही तर तो लेखी नोंदवणे आणि जिवाशी गाठ असेल तेथे काम नाकारणे, या पुढच्या पायऱ्या.

आणि हा हिशेब कार्यालयाच्या आतूनच सुरू होतो. काम मिळवण्यासाठी दलाली वा भेटवस्तू देण्या-घेण्यास वास्तुविशारदांच्या १९८९ च्या व्यावसायिक आचरण विनियमांनी मनाई केली आहे. लादी किंवा रंगाच्या विक्रेत्याकडून गुपचूप मिळणारा हिस्साही त्याच जातीचा, कारण त्यामुळे ग्राहकाला मिळणारा सल्ला निःपक्ष राहत नाही. रात्र-रात्र जागून नकाशे पुरे करणाऱ्या शिकाऊ मुला-मुलींना रास्त वेतन मिळते का, हाही सुशासनाचाच प्रश्न आहे. दारावर हिरव्या प्रमाणपत्राची पाटी आणि आत विनावेतन राबणारी मुले, ही विसंगती शोभणारी नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी अनेक जण गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर आहेत, कोणी न्यासाचे विश्वस्त आहेत, कोणी दुकानाचे नूतनीकरण काढले आहे. गिरगाव-लालबागच्या चाळींचा पुनर्विकास तर घरोघरी चर्चेत आहे. अशा बैठकीत पहिला प्रश्न असतो तो वाढीव चौरस फुटांचा. तो विचारणे गैर नाही, आयुष्यभर एका खोलीत संसार केलेल्या कुटुंबाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र त्याच्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारावेत. जुन्या इमारतीचा राडारोडा कोठे जाणार? त्याच्या विल्हेवाटीसाठी नियम आहेत. जुने सागवानी खांब आणि दारे पुन्हा वापरता येतील का? खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा न लावता वावरता येईल का? अग्निशमनाची गाडी इमारतीपर्यंत पोहोचेल का? शेजारच्या चाळीचा उजेड आपण अडवत तर नाही ना? काम करणाऱ्या मजुरांना शौचालय आणि पिण्याचे पाणी आहे का? पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील, तर त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर देणे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने आवश्यक केले होते. ते कोठे असेल?

या प्रश्नांची उत्तरे देताना वास्तुविशारदाला अधिक वेळ लागेल आणि कदाचित आपल्या वाट्याचे काही चौरस फूटही कमी होतील. तो खर्च नाकारायचा की स्वीकारायचा, हे शेवटी ग्राहकच ठरवतो. प्रामाणिक वास्तुविशारदाला असा प्रश्न विचारणारा ग्राहक हवाच असतो, कारण त्याच्या सल्ल्याला त्यामुळे बळ मिळते. तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेत नकाशा टेबलावर उलगडला जाईल, तेव्हा आपली खोली शोधून झाल्यावर नजर थोडी बाहेर न्यावी. रस्ता, शेजारचे घर, स्थानकाचा जिना आणि त्या जिन्यावरची माणसे आपल्या नकाशात दाखवलेली नसतात. त्यांच्या वतीने एक प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.