घर आणि उपकरणे : कचेरीतील संगीत व अँप्लिफायरची निवड

श्रम आणि संगीत यांचे नाते फार जुने आहे. जात्यावरच्या ओव्या आणि मोटेवरची गाणी श्रमांतूनच जन्माला आली. यंत्रयुगातही हे नाते तुटले नाही. बीबीसीने जून १९४० मध्ये कारखान्यांतील कामगारांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला आणि तो १९६७ पर्यंत चालू होता. संगीताने कामाला साथ द्यावी, कामावर मात करू नये, ही गोष्ट आपल्या छोट्या कचेरीतही तितकीच खरी आहे. अँप्लिफायर निवडताना प्रथम तीच ध्यानात धरावी.

आज वकील, हिशेबतपासनीस किंवा वास्तुशिल्पज्ञ यांच्या दोन-चार टेबलांच्या कचेरीत तबकड्या किंवा कॅसेटी क्वचितच दिसतात. गाणे इंटरनेटवरून येते. त्यासाठी ‘स्ट्रीमिंग अँप्लिफायर’ नावाची हातभर जागाही न व्यापणारी पेटी बाजारात मिळते. या एका पेटीत तीन कामे होतात. पहिले, वाय-फाय किंवा तारेच्या जोडणीतून गाणे आणणे. दुसरे, अंकांच्या रूपात आलेल्या गाण्याचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणे. आणि तिसरे, त्या लहरींना स्पीकर हलविण्याइतके बळ देणे. यांपैकी तिसऱ्या कामाचीच जाहिरात सर्वांत मोठ्या अक्षरांत केलेली असते. म्हणून वॅटचा हिशेब आधी पाहू.

किती वॅट खरोखर लागतात?

सर्वसाधारण लहान स्पीकर १ वॅट शक्तीवर, १ मीटर अंतरावर, सुमारे ८६ डेसिबल आवाज देतो. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर तो सुमारे ८० डेसिबल भरतो. दोन माणसांचे नेहमीचे संभाषण साधारण ६० डेसिबलच्या आसपास असते. काम करताना मागे हलके संगीत असावे, तर ६५ डेसिबल पुष्कळ झाले. डेसिबलचे गणित असे की, आवाज १० डेसिबलने चढविण्यास दसपट शक्ती लागते. हा हिशेब उलट मांडला, तर ६५ डेसिबलसाठी एका वॅटचा सुमारे तिसावा भाग पुरतो! तबल्याची थाप किंवा समेवरचा उठाव यांत आवाज क्षणभर २० डेसिबलने उसळू शकतो. त्या क्षणी शंभरपट शक्ती हवी. तीही सुमारे ३ वॅटच होते. कचेरी सुटल्यावर कोणास थोडे मोठ्याने, म्हणजे ७५ डेसिबलवर ऐकावेसे वाटले, तर अशा क्षणी ३० वॅट लागतील. तात्पर्य, लहान खोलीस प्रत्येक बाजूला खरेखुरे २० ते ३० वॅट पुरेसे आहेत. शंभर वॅटसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे एका घागरीसाठी विहीर विकत घेण्यासारखे आहे.

‘खरेखुरे’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. अनेक लहान अँप्लिफायर बाहेरच्या अडॅप्टरवर चालतात आणि त्या अडॅप्टरवरील आकडे पेटीवरील आकड्यांपेक्षा प्रामाणिक असतात. अशा बहुतेक पेट्यांची वरची मर्यादा सोप्या गणिताने काढता येते. व्होल्टचा वर्ग करावा आणि त्यास स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागावे. ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत्-रोध. तो स्पीकरच्या पाठीवर छापलेला असतो. ८ ओहमचा स्पीकर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर उत्तर ९ वॅट येते. १९ व्होल्टला सुमारे २२, आणि २४ व्होल्टला ३६. पेटीवर ‘१००+१०० वॅट’ लिहिलेले आणि सोबत १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर, असे दिसल्यास सावध व्हावे. बारा पाचे साठ. साठ वॅट घेणारे यंत्र सतत दोनशे वॅट कोठून देणार? याखेरीज वॅटचा आकडा किती ओहमला आणि किती विकृतीला दिला आहे, तेही विचारावे. दहा टक्के विकृतीवर मोजलेले वॅट कागदावर शोभतात. कानास ते फाटलेले वाटतात.

या लहान पेट्यांतील अँप्लिफायर बहुधा ‘डी’ वर्गाचा असतो. घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास वीज तो स्पीकरकडे पोहोचवू शकतो. त्यामुळे तो फारसा तापत नाही व फायलींच्या कपाटावरही सुखाने राहतो. अर्थात त्यावर फायली रचू नयेत.

वाय-फाय की ब्लूटूथ?

ब्लूटूथ स्वस्त आणि सोपे आहे. परंतु त्यात गाणे एखाद्याच्या फोनमधून जाते. फोन वाजला की गाणे थांबते आणि फोनचा धनी चहाला बाहेर पडला की कचेरी मुकी होते. वाय-फायच्या पेटीस फोन केवळ आज्ञा देतो. गाणे ती पेटी स्वतः आणते. रोजच्या वापरासाठी हीच पद्धत बरी. इंटरनेटचा खर्चही अवाजवी नाही. सेकंदास ३२० किलोबिट या चांगल्या दर्जाने तासाभरास सुमारे १४४ मेगाबाइट लागतात. शक्य असेल तेथे तारेचे नेटवर्क जोडावे. गाणे अडखळत नाही.

मात्र आपण जे ऐकता, ते त्या पेटीवर वाजते की नाही, हे खरेदीपूर्वी स्वतः पाहावे. आकाशवाणीच्या २०० हून अधिक सेवा प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर मिळतात. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारतीही त्यांत आहे. इंदूर, बडोदे किंवा बेंगळुरूच्या मराठी माणसास मराठी कार्यक्रम ऐकण्याचा हा सुलभ मार्ग आहे. एखादे ॲप वाय-फायवरून पेटीशी बोलत नसेल, तर ब्लूटूथचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून तीही सोय असावी. नवे आणि महाग ते सर्वगुणसंपन्न, असेही समजू नये. २०२३ साली आलेल्या ‘विम अँप’मध्ये ॲपलच्या फोनसाठी एअरप्लेची सोय होती, २०२४ साली ‘विम अँप प्रो’ बाजारात आला, तेव्हा त्यात ती नव्हती.

पेटी किती वर्षे टिकेल?

हा प्रश्न दुकानात फारसे कोणी विचारीत नाही, पण मर्यादित उत्पन्नाच्या ग्राहकास तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. साधा अँप्लिफायर वीस-पंचवीस वर्षे सहज चालू शकतो. इंटरनेटवरून गाणे आणणाऱ्या भागाचे आयुष्य मात्र कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते. ‘सोनोस’ या अमेरिकन कंपनीने २००५ पासून अशी यंत्रे विकली. त्यांतील सर्वांत जुन्या यंत्रांना मे २०२० नंतर नव्या सुधारणा मिळणार नाहीत, असे तिने त्या वर्षाच्या जानेवारीत जाहीर केले. ती यंत्रे बंद पडली नाहीत, परंतु नव्या सोयींना मुकली. गूगलचे ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ २०१५ साली आले आणि २०१९ च्या जानेवारीत त्याचे उत्पादन थांबल्याचे कळले. मार्च २०२५ मध्ये, त्यातील एका अंकीय प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे, घरोघरची ती धडधाकट यंत्रे काही दिवस निकामी झाली होती. कंपनीने दुरुस्ती पाठविली तेव्हा ती पुन्हा चालू लागली. तार तुटली नव्हती, भाग जळला नव्हता. तरीही गाणे थांबले.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की, ज्या पेटीस बाहेरून तारेने गाणे देण्याची जागा नाही, ती घेऊच नये. उद्या तिचा इंटरनेटचा भाग कालबाह्य झाला, तरी त्या जागी दुसरे साधन जोडून उरलेला अँप्लिफायर वापरता येतो. दुसरा उपाय अधिक काटकसरीचा आहे. साधा अँप्लिफायर आणि गाणे आणणारी छोटी पेटी या दोन वस्तू वेगवेगळ्या घ्याव्यात. पुढे लहान वस्तू तेवढी बदलली की काम भागते. टेबलावर एक तार जास्त दिसेल, इतकाच तोटा.

पैशांची वाटणी

समजा, एकूण २५,००० रुपये खर्चावयाचे आहेत. आमच्या मते त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक स्पीकरवर खर्च करावे. चांगल्या अँप्लिफायरांतील फरक कानास मोठ्या कष्टाने कळतो. स्पीकरांतील फरक शेजारच्या टेबलावरील माणसासही कळतो. घरात जुन्या स्टीरिओचे स्पीकर पडून असतील, तर प्रथम तेच तपासावेत. शंकूच्या कडेचा फोम कुजलेला नसेल आणि पाठीवर ४ ते ८ ओहम लिहिलेले असेल, तर बहुतेक अँप्लिफायरांवर ते चालतील. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आहे ना, हे अवश्य पाहावे. या बाबतीतील बचत आग लावणारी ठरू शकते.

शेवटी दोन शिष्टाचार. ग्राहकांची ये-जा असलेल्या जागी ध्वनिमुद्रित संगीत वाजविणे १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कक्षेत येते आणि त्यासाठी परवाना लागू शकतो. स्ट्रीमिंग सेवांची साधी वर्गणीही बहुधा वैयक्तिक उपयोगापुरतीच असते. तेव्हा दोन्ही गोष्टींची आधी चौकशी करावी. दुसरा शिष्टाचार कायद्यात नाही. खोलीतील प्रत्येकास विचारूनच संगीत लावावे आणि एकाचीही ना असेल, तर ते दुपारच्या सुट्टीपुरते ठेवावे. ज्याला आकड्यांची बेरीज करावयाची आहे, त्याच्या कानांवर आपली आवड लादण्याचा अधिकार कोणत्याही अँप्लिफायरबरोबर विकत मिळत नाही.

तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी खोलीची लांबी-रुंदी, जुन्या स्पीकरचे ओहम आणि आपण ऐकत असलेल्या सेवांची नावे एका कागदावर लिहून न्यावीत. मग विक्रेत्यास पहिला प्रश्न ‘किती वॅट?’ असा न विचारता, ‘इंटरनेटचा भाग बंद पडला, तर उरलेले यंत्र माझ्या कामाचे राहील काय?’ असा विचारावा. त्याच्या उत्तरावरून निम्मी निवड तेथेच होऊन जाईल.