केवळ प्रकृतीसाठी

मी दारू पितो. हे तीन शब्द कागदावर उतरवायला मला एकोणसत्तर वर्षं लागली आणि आत्ताही लिहिताना सवयीनं एकदा मागं वळून पाहिलंच. पितो म्हणजे किती, तर महिन्यातून दोनदा, दोन पेग, खिडक्या लावून आणि टीव्ही मोठा करून. (टीव्ही अशासाठी, की ग्लासात बर्फ पडला की आवाज होतो.)

हे धैर्य मला टोकियोत मिळालं. माझा भाचा तिथं निशी-कसाईला राहतो. तिथं आपल्या लोकांची एवढी वस्ती आहे, की मधूनच एखादा जपानी दिसला की पाहुणा आल्यासारखं वाटतं. एका संध्याकाळी तो हळूच म्हणाला, "मामा, मामीला सांगा, आपण गिन्झा बघायला चाललोय." म्हणजे सहा हजार किलोमीटरांवर येऊनसुद्धा घरातून निघालो ते थाप मारूनच!

चौथ्या मजल्यावर आठ खुर्च्यांचं ते दुकान. मी आधी पडदा शोधला. आमच्या परमिट रूमची सवय! काळी काच, जाड पडदा आणि आत असा काळोख, की ग्लासात काय आहे ते चवीवरून ओळखायचं. आणि चव घेण्याची तर आपल्याकडे पद्धतच नाही. इथं खोली मंद होती, पण काउंटरवर चांगला उजेड. पांढरा कोट, टाय घातलेला एक पोक्त गृहस्थ बर्फाच्या तुकड्याला सुरीनं तासून लिंबासारखा गोल करत होता. आमच्याकडे गणपतीचे डोळे रंगवताना मूर्तिकाराचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला होता.

भाच्यानं त्याच्याकडून मिझुनारा नावाच्या जपानी ओकच्या पिंपात मुरलेली व्हिस्की मागवली. तिला चंदनाचा वास येतो. पहिल्या घोटाला मला आमचं देवघर आठवलं आणि ग्लास खाली ठेवावासा वाटला.

मग भाच्याचं प्रवचन सुरू झालं. मासाताका ताकेत्सुरू नावाचा तरुण १९१८ साली व्हिस्की शिकायला ग्लासगोला गेला. घरचा धंदा साकेचा, आणि पाठवलं ते दारूच्याच कंपनीनं, राजरोस. १९२० साली तो स्कॉच बायको आणि वह्याभर टिपणं घेऊन परतला. १९२३ साली तोरी यांनी यामाझाकीचा कारखाना काढला, त्यात तो होता. १९३४ साली त्यानं होक्काइदोत स्वतःचा कारखाना काढला आणि व्हिस्की मुरेपर्यंत सफरचंदाचा रस विकला. आमच्याकडची मुलं त्या काळी विलायतेला जात ती बॅरिस्टर व्हायला. तिथं काय प्याले, हे त्यांनी आत्मचरित्रातही लिहिलं नाही.

लबाडी तिथंही होती, बरं का. स्कॉटलंडहून पिंपं आणायची, बाटलीत भरायची आणि वर जपानी नाव लावायचं. शेवटी २०२१ साली तिथल्या उत्पादकांच्या संघानंच नियम केला: गाळायची जपानात, लाकडात किमान तीन वर्षं मुरवायची तीही जपानात, तरच ती जपानी. आपली थाप आपणच चव्हाट्यावर मांडली.

आणि आपला नियम? १९४९ चा दारूबंदी कायदा अजून उभा आहे. दारू मिळते, तिच्यावर सरकारला कर मिळतो आणि शिवाय बंदीही आहे! प्यायला परवाना लागतो आणि तो पंचविशी ओलांडलेल्याला मिळतो कशासाठी, तर प्रकृती सांभाळण्यासाठी. म्हणजे महाराष्ट्रातला प्रामाणिक पिणारा हा कागदोपत्री आजारी! आणि या औषधाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतून घरी न्यायची. त्या पिशवीत दुसरं काहीही नसतं, हे सबंध गल्लीला ठाऊक असतं.

तुम्ही म्हणाल, उजेडात प्यायल्यानं काय माणूस सुधारतो? छे! त्याच रात्री स्टेशनच्या बाकावर टाय सैल सोडून आडवे झालेले दोन साहेब मी पाहिले. दारूनं घरं बसतात, हे आमच्या चाळीत राहिलेल्याला शिकवायला नको. गडचिरोलीत लोकांनी चळवळ करून १९९३ साली बंदी आणली, ती मला कळते. ती उघड मागणी होती. मला कळत नाही ती परवान्यातली प्रकृती. वाईट असेल तर बंद करा. चालू ठेवायची असेल तर दिवा लावा!

आमच्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्याच्यापुढं हायबॉल, म्हणजे व्हिस्की-सोडा, आणि तिच्यापुढं छोट्या ग्लासात गिमलेट. हळू आवाजात काहीतरी बोलत होती. माझ्या वडिलांची बाटली ज्ञानकोशाच्या खंडांमागं असायची. ते गेल्यावर खंड झाडायला काढले, तेव्हा निम्मी भरलेली निघाली. मी घाईघाईनं झाकायला गेलो, तर आई म्हणाली, "राहू दे. मला चाळीस वर्षं ठाऊक आहे." दीड खोलीतला संसार, त्यात त्यांनी चाळीस वर्षं लपवली आणि तिनं चाळीस वर्षं पाहिली नाही.

बिल भाच्यानं दिलं, म्हणून आकडा लिहीत नाही.

घरी आलो तर ही जागीच होती. "कसं होतं गिन्झा?"

"व्हिस्की प्यालो," मी म्हटलं.

"वास येतोय. त्यात सांगायचं काय?" असं म्हणून तिनं दिवा मालवला. बऱ्याच वेळानं अंधारातून आवाज आला, "बायका असतात का हो तिथं?"