रेषेबाहेरची माणसे

भाईंदरची ओळख ज्या काळी खाडी आणि मिठागरे एवढ्यावरच आटोपत असे, त्या सत्तरीच्या दशकात पावसाळ्यातील काही ठरावीक दुपारी आमच्या घरची चार माणसे डबा आणि दोन छत्र्या घेऊन विरारकडून येणाऱ्या गाडीने चर्चगेटला जात. आणि या स्वारीचे प्रयोजन इतकेच की दादा आपल्या कॉलेजच्या फुटबॉल संघात लेफ्ट-आउट म्हणून खेळत असे. मुंबईचा फुटबॉल हा पूर्वापार पावसाळी खेळ. मैदानांवरची क्रिकेटची अंमलदारी संपली की याची सुरू होई. आझाद मैदानाच्या चिखलात दादा ओळखू येईनासा झाला, म्हणजे आई त्याच्या धावण्याच्या ढबीवरून तो कोठे आहे हे आम्हांस दाखवी.

वडील मिठागरांच्या दप्तरात कारकून, त्यामुळे सामन्याचाही जमाखर्च वहीत उतरवून ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता. तरुणपणी त्यांनी कूपरेजवर हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ पाहिला होता. 1891 पासून चालत आलेला रोव्हर्स करंडक ज्या संघाने 1950 ते 1954 अशी ओळीने पाच वर्षे नेला, त्याच्या आखूड पासांचे वर्णन ऐकत आमचे बालपण गेले. त्या संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब पुढे 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकला भारतीय संघ घेऊन गेले आणि मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. ही हकीकत वडील गाडीत सांगत, आणि इतक्या वेळा सांगत की पहिला गोल बोरिवलीला, दुसरा अंधेरीला आणि तिसरा बिनचूक दादरला होई. सहप्रवाशांपैकी एखादा दरवाजाजवळून हसून विचारी, "काका, चर्चगेटपर्यंत चौथा होईल का?"

आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. तरी दादाच्या कॉलेजला ती कधी 'त्याचे कॉलेज' म्हणाली नाही; ते सदैव 'आपले कॉलेज'. ऑफसाइड हा नियम, जो पुढे मला कित्येक पदवीधरांस समजावता आला नाही, तो तिला एका क्षणात उमगला. "म्हणजे पाणी यायच्या आधीच रांग सोडून नळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, असंच ना?" तिने विचारले. भाईंदरच्या बाईस याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नव्हती. त्या दिवसापासून पंचाने शिट्टी वाजविली की ती दोषी खेळाडूकडे, मग तो परका असो की पोटचा, अगदी नळावरच्या नजरेने पाही.

दादाचा संघ फारसा जिंकला नाही. त्याचे मला विशेष काही वाटत नाही.

वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या गावाला 2002 साली महानगरपालिका लाभली आणि 2011 च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या 8,09,378 भरली, त्या मीरा-भाईंदरमध्ये आज कॉलेजे आहेत, फुटबॉल खेळणारी मुले आहेत, आणि ज्यांचा माझ्या काळी कोणी विचारही केला नसता अशा मुलीही आहेत. परंतु त्यांचा सामना पाहण्यास आईवडिलांनी जावे, अशी रीत काही रुजलेली दिसत नाही. तासाच्या भाड्याने मिळणारी टर्फ जागोजागी झाली आहेत, आणि जागेचा दुष्काळ पाहता त्यांना नावे ठेवणे मला अप्रशस्त वाटते; मात्र जाळीने चहूबाजूंनी वेढलेल्या त्या हिरव्या चौकोनांत खेळणाऱ्याच्या आईने बसावे कोठे, याचा विचार फारसा कोणी केलेला आढळत नाही. रात्री जागून इंग्लंड-स्पेनचे सामने पाहणारा बाप आपल्या मुलीच्या कॉलेजचा सामना कोणत्या तारखेस आहे हे जाणत नाही, यात सर्वस्वी त्याचाच अपराध आहे असेही नव्हे, कारण ती तारीख बहुधा क्रीडाविभागाच्या फलकापलीकडे जातच नाही. ती घरोघर कळविण्यास आणि मैदानाच्या कडेला चार पायऱ्या बांधण्यास असा कितीसा खर्च यावा? मैदानावरील प्रत्येक विकासकामाच्या अंदाजपत्रकात ही बाब पहिल्या पाचांत असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या पावसाळ्यात नातीचा सामना पाहावयास गेलो, तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने नोंदवही पुढे केली. नाव, पत्ता, कोणाकडे आलात, काम काय. कामाच्या रकान्यात मी 'बघणे' असे लिहिले. त्याने ते दोनदा वाचले.

"आजोबा, इथं बघायला कोणी येत नाही हो," तो म्हणाला. आणि मग आपल्या खोपटातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून, पावसात भिजत, त्याने ती रेषेपाशी नेऊन ठेवली.