फोटोमागे नावं लिहा, दसरा काढायच्या आधी

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. या आठही तालुक्यांतल्या घराघरांना ही विनंती आहे, आणि ती यंदाच्याच दसऱ्याआधीची आहे. पोळा सरला की आपल्याकडे दसरा काढायची धांदल सुरू होते. गोधड्या-वाकळा नदीवर जातात, भांडी अंगणात येतात, माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. आणि याच दिवसांत काच फुटलेल्या फ्रेमा, कसर लागलेले फोटो, पानं चिकटून बसलेले अल्बम भंगारवाल्याच्या पोत्यात पडतात. ‘कोण आहेत कुणास ठाऊक’ एवढं म्हटलं की निकाल लागतो. त्या पोत्यांतून आपल्या जिल्ह्याचा इतिहास रद्दीच्या भावानं चालला आहे, आणि तो थांबवणं आपल्या हातात आहे.

इतर जिल्ह्यांपेक्षा जालन्याला हे नुकसान जास्त जड जाणार आहे. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. औरंगाबादमधून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आले. परभणीतून परतूर आलं. त्यामुळे आपला मागचा इतिहास दुसऱ्यांच्या दप्तरांत विखुरलेला आहे. अंबडबद्दल वाचायचं तर औरंगाबादचं १९७७ चं गॅझेटिअर उघडावं लागतं, परतूरसाठी परभणीचं १९६७ चं. त्याहून मागे गेलं तर निजामाच्या राजवटीची कागदपत्रं. ती फारसी-उर्दूत आणि बरीचशी हैदराबादेत. तिथेही महसूल, पीकपाणी, किल्ले, मशिदी, देवळं सापडतात. माणसं फार थोडी सापडतात.

सरकारी फोटोंचंही तसंच. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे त्या काळातले देशातले नामांकित फोटोग्राफर. त्यांचा कॅमेरा महालांकडे, शिकारीकडे, लष्करी कवायतींकडे वळलेला होता, कारण बोलावणं तिथूनच यायचं. पुरातत्त्व खात्याच्या जुन्या फोटोंत गावकरी दिसतो तो खांबाची उंची कळावी म्हणून शेजारी उभा केलेला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तेव्हा जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा, विणकराचा, हमालाचा, शिक्षकाचा, बाळंतिणीचा, पहिलवानाचा फोटो कुठे असेलच, तर तो तुमच्या घरात आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

असा एक फोटो मंठा तालुक्यातल्या एका घरात पाहिला, तो सांगतो. १९७२ च्या दुष्काळातलं काम. दहा-बारा बाया ओळीनं उभ्या, डोक्यावर टोपल्या, नऊवारीचे काष्टे घट्ट मारलेले, मागे अर्धवट उठलेला मातीचा बांध. कडेला हजेरीबुक काखेत धरलेला मुकादम. एका बाभळीला झोळी बांधलेली. फोटोग्राफर कोण होता ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. पण घरातल्या आजींनी बोट ठेवून एकेक बाई सांगितली: ही जाऊ, ही वडाराची, ही तांड्यावरची, ही पुढच्या साली वारली. झोळीतलं पोर म्हणजे त्यांचा थोरला मुलगा. मग त्यांनी स्वतःच्या लग्नातला फोटो मागवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. लग्नात दंडात वाकी, मनगटात गोट, पायात तोडे. कामावरच्या फोटोत हात-पाय भुंडे. ‘ज्वारीसाठी मोडले,’ त्या म्हणाल्या. वाटपाची सुकडी आणि परदेशातली मिलो ज्वारी त्यानंतर आली. त्या बांधाचा पुढे पाझर तलाव झाला आणि गावाच्या विहिरीला आजही त्याचंच पाणी उतरतं.

बहात्तरच्या दुष्काळावर सरकारी अहवाल आहेत, आणि त्याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण कुणाच्या अंगावरची चांदी कधी मोडली, एका बांधावर वडार, बंजारा आणि मराठा घरातली सून शेजारी-शेजारी माती वाहत होत्या, हे कुठल्या अहवालात मिळणार? ते त्या दोन फोटोंत होतं, आणि आजींच्या तोंडी होतं. नुसत्या फोटोंतून मलाही दहा-बारा अनोळखी बायांपलीकडे काही दिसलं नसतं.

म्हणून घाई करायला सांगतो आहे. फोटो नीट ठेवला तर शंभर वर्षं टिकतो. ओळखणारा माणूस तेवढा टिकत नाही. बहात्तरला विशीत असलेल्या बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत. सप्टेंबर १९४८ ची पोलीस अॅक्शन ज्यांनी समजत्या वयात पाहिली ते नव्वदीला टेकले आहेत. दर हिवाळ्यात त्यांतले काही जण जातात, आणि त्यांच्याबरोबर भिंतीवरच्या फोटोतली सगळी माणसं एका दिवसात निनावी होतात.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे फोटो तर अत्यंत मोलाचे. जालन्यात मामा चौकातून रोज हजारो लोक जातात. हुतात्मा जनार्दन मामांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण सत्याग्रहाला गेलेले, तुरुंगात खितपत पडलेले, हद्दीपलीकडच्या छावण्यांत राहिलेले, त्यांना रात्री भाकरी पोचवणारे असे कितीतरी साधे लोक होते. त्यांचे गटाने काढलेले फोटो घरांत आहेत. त्याच वर्षांत जी मुसलमान कुटुंबं जालना, अंबड, भोकरदन सोडून हैदराबादला किंवा पार कराचीला गेली, त्यांच्याकडेही इथले फोटो आहेत, आणि इथे राहिलेल्यांच्या घरांत गेलेल्यांचे. दोन्हीकडची हकीकत लिहून घ्या, कुणालाही न दुखावता आणि काहीही न गाळता. तो काळ एका बाजूच्या फोटोंनी कळणार नाही.

जुन्या फोटोची मागची बाजू आधी बघा. आपल्याकडे ती बऱ्याचदा उर्दूत असते, क्वचित मोडीत. वाचता येत नाही म्हणून ती पुसू नका, त्यावर कागद चिकटवू नका. साल बघून गोंधळू नका: हैदराबाद राज्यात फसली सन चालायचा. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि हे वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. म्हणजे फोटोमागे १३४७ फसली असेल तर तो ऑक्टोबर १९३७ ते ऑक्टोबर १९३८ मधला. शाळेच्या गटाच्या फोटोत मुलांच्या पुढे पाटी धरलेली असते, तीवरही हाच सन असतो. उर्दूत शिकलेली म्हातारी माणसं अजून काही गावांत आहेत. त्यांच्यापुढे एकदा तो फोटो धरा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस खिडकीजवळ, उजेडात बसवा. मोबाइलवर आवाज मुद्रित करायला लावा आणि फोटो एकेक करून हातात द्या. ‘हे कोण’ एवढंच विचारून थांबू नका. कुठे उभे आहेत? फोटो कुणी काढला? कशासाठी जमले होते? या फोटोत यायला हवं होतं पण आलं नाही, असं कुणी होतं का? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा, त्याला फार मोठी उत्तरं येतात. बायांची माहेरची नावं लिहा. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही नावं लिहा, नाहीतर पन्नास वर्षांनी तिच्या माहेरच्यांना ती सापडणार नाही. फोटोमागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, अगदी कडेला, हलक्या हातानं. बॉलपेननं लिहू नका. त्याचा वळ पुढच्या बाजूनं उमटतो.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओल लागली की तो काचेला धरतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. अशा वेळी काचेवरूनच फोटो घ्या. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो आधी हाताळा, कारण त्यांतला निळा रंग उडून ते लालसर पडत चालले आहेत. काळे-पांढरे त्यांच्यापेक्षा जास्त दम धरतात. स्कॅन ६०० डीपीआयला करा. स्कॅनर नसेल तर ढगाळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल अगदी सरळ धरून टिपा. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जाऊन बारीक तपशील जातो.

पुष्कळांना वाटेल, आमच्याकडे कुठले फोटो, आम्ही गरीब माणसं. हे खरं आहे की कॅमेरा सगळ्यांच्या दारात सारखा आला नाही. वाड्यात आला तेव्हा महारवाड्यात आला नव्हता, तांड्यावर तर त्याच्याही नंतर. १९७८ च्या विद्यापीठ नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यात जी दलितांची घरं जळाली, त्यांतले फोटोही जळाले. कित्येक आज्यांचा एकुलता एक फोटो मतदार ओळखपत्रावरचा आहे. काही घरांत म्हाताऱ्याचा एकच फोटो असतो, तो गेल्यावर खुर्चीत बसवून, हार घालून काढलेला. तोही ठेवा. ओळखपत्र, रेशनकार्ड, एसटीचा पास, मोर्चात कुणीतरी टिपलेला धूसर फोटो, सगळं मोजायचं. नामांतराच्या लढ्यात गेलेल्यांच्या घरी जे काही उरलं असेल, ते सर्वांत आधी टिपायला हवं.

जालना शहरातही काम खूप आहे. ‘जालना सोने का पालना’ म्हणतो, पण तो पाळणा कसा दिसत होता हे नव्या पिढीला दाखवायला आपल्याकडे काय आहे? मोंढा, जिनिंगचे कारखाने, मीटरगेजचं स्टेशन, घाणेवाडीचा तलाव, धुळवडीचा हत्ती रिसाला, आनंदी स्वामींची आषाढीची पालखी, छावणीतले बंगले, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल. प्रत्येकाचे फोटो कुणाच्या तरी घरी आहेत. भोकरदनला उत्खनन झालं, तिथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची तुलना इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी झाली आणि गावाचं भोगवर्धन हे जुनं नाव जगभर गेलं. पण त्या खड्ड्यांत माती उपसणारी माणसं भोकरदनचीच होती. त्यांचा एखादा फोटो आहे का कुणाकडे? निम्न दुधनेच्या पाण्यात परतूर भागातली जी गावं गेली, त्यांचा पार, वेस, मारुतीचं देऊळ आता फोटोतच बघता येईल. समृद्धी महामार्गात ज्यांचे मळे गेले, त्यांनी मळ्याचे फोटो शोधावेत. २०१२-१३ च्या दुष्काळात वाळून सरपणाला गेलेल्या मोसंबीच्या बागांचे फोटो तर आणखी वेगानं नाहीसे होत आहेत. ते फोटो बंद पडलेल्या मोबाइलमध्ये आहेत, आणि तो मोबाइल कुठल्या खणात आहे हेही विसरायला झालं आहे.

हे काम मोठ्या पैशाशिवाय होतं. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला इंडियन मेमरी प्रोजेक्ट घरगुती फोटो आणि त्यामागची हकीकत एवढ्यावरच उभा राहिला. काठमांडूची नेपाळ पिक्चर लायब्ररी २०११ पासून लोकांच्या घरातल्या अल्बमांतून देशाचा इतिहास गोळा करते आहे. आपल्या जिल्ह्याला हे का जमू नये? १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, गावोगाव झेंडावंदन होतं. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून जुन्या फोटोंच्या प्रती लावा आणि शेजारी वही ठेवा. गाव स्वतःच नावं सांगेल. मूळ फोटो घरीच राहू द्या, ते कुणालाही देऊ नका, मागायला कितीही मोठा माणूस आला तरी. प्रत मात्र तीन ठिकाणी ठेवा: घरी, गावच्या शाळेत किंवा वाचनालयात, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात. जेईएस, बारवाले, मत्स्योदरी अशा महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना हात जोडून विनंती की विद्यार्थ्यांना यंदा प्रकल्प द्यायचा तर हाच द्या. आणि फोटो ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय तो कुठेही टाकायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

फोटो स्टुडिओवाल्यांनो, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. तुमच्या वडिलांनी, आजोबांनी तालुक्याची तीन पिढ्यांची लग्नं टिपली. निगेटिव्हचे डबे आणि जुन्या काचेच्या प्लेटा माळ्यावर असतील. डबा उघडल्यावर आंबट वास आला, तर ती फिल्म सडायला लागली आहे; ती आधी स्कॅन करा. दुकान विकताना हे डबे भंगारात देऊ नका. गिऱ्हाइकांच्या नोंदीची वही सापडली तर ती डब्यांपासून वेगळी करू नका, कारण नावं तिच्यातच आहेत.

आणि पुण्या-मुंबईला, हैदराबादला, परदेशात गेलेल्या जालनेकरांनो, गाव सोडताना तुम्ही अल्बम बरोबर नेलात, ते बरंच केलंत, म्हणून ते वाचले. आता त्यांची एकेक प्रत आपल्या गावच्या शाळेला पाठवा. नावं लिहून पाठवा. घटस्थापनेच्या आत पाठवा.