वीज स्वस्त, पण दुपारी

रात्रीची वीज स्वस्त, ही समजूत आता सोडा. कोळशाची जनित्रे रात्री बंद करता येत नाहीत, म्हणून कारखान्यांना पूर्वी रात्री सवलत मिळे. आता सूर्याची वीज दुपारी उतू जाते. म्हणून महावितरणने १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे सवलत जाहीर केली. अट एकच, घरी टीओडी स्मार्ट मीटर हवे.

पण दुपारी गाडी दारात कोणाची उभी असते? नंदुरबार-शहाद्यात बॅटरीची रिक्षा चालवणारा आपला भाऊ त्या वेळी सवारी शोधत फिरतो आणि रात्री वायर लावतो. रोज सहा युनिट धरा, महिन्याचे पंचवीस दिवस धरा. १२० रुपये हातचे जातात. गरिबाच्या घरात ही रक्कम किरकोळ नव्हे. भाड्याच्या खोलीत तर मीटर घरमालकाचे. सवलत त्याच्या बिलात, आणि दर तो सांगेल तो!

वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, हे बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीज-धोरण समितीपुढे मांडले होते. स्वस्त कोणाला, हे आज आपण विचारायचे.

जेवायला घरी येता तेव्हा गाडी तास-दोन तास लावा. तेवढ्याने भागणार नाही. रिक्षा थांब्यावरच दुपारी सवलतीचे चार्जिंग मिळावे, असा अर्ज नगरपालिकेकडे करा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत तो लिहा, आणि भगिनींच्या सह्या आधी घ्या. घरखर्चाचा हिशेब त्यांच्याकडेच असतो.