सवलत आणि शब्द

सोलापूरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी फ्लाय ९१ या प्रादेशिक कंपनीची गोव्यासाठी विमानसेवा सुरू झाली. धाराशिवहून सोलापूर अवघे ७० किलोमीटरच्या आसपास. तुळजापूर, उमरगा, कळंब येथील व्यापारी घरांना विमान आता परके राहिलेले नाही, आणि या घरांतील मुलामुलींना विमान कंपनीतील नोकरीही आवाक्यातील वाटू लागली आहे. अशा नोकरीची गोष्ट निघाली की पगाराच्या आकड्यापाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : आईवडिलांना विमानप्रवास फुकट मिळेल का?

पुष्कळ कंपन्यांत तो मिळतो. परंतु कोणत्या अटीवर, हे पाहिले पाहिजे. कर्मचाऱ्याचे तिकीट बहुधा ‘जागा उरली तर’ या तत्त्वावर असते. पैसे मोजणारा शेवटचा प्रवासी बसल्यावर त्याचा विचार होतो. कर व विमानतळाचे शुल्क अनेकदा स्वतःच भरावे लागते. प्रादेशिक मार्गावरचे एटीआर-७२ विमान साधारण ७० आसनांचे, आणि उड्डाणेही मोजकीच. उन्हाळ्यात हवा तापून विरळ झाली की विमानाला वजन कमी ठेवावे लागते. तेव्हा आसन रिकामे दिसत असूनही ते मिळेलच असे नाही. लग्नाचा मुहूर्त गाठणाऱ्याने अशा तिकिटावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. छोट्या कंपनीची विमाने थोड्याच शहरांना जातात. म्हणून तिच्या कर्मचाऱ्याच्या सवलतीचे खरे मोल मोठ्या कंपनीशी असलेल्या संबंधावर ठरते, आणि तो संबंध कर्मचाऱ्याच्या हातात नसतो. अलायन्स एअरचे उदाहरण बोलके आहे. १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून ती सुरू झाली व पुढे एअर इंडियाच्या परिवारात आली. ‘उडान’ योजनेतील सिमला ते दिल्ली हे पहिले उड्डाण २७ एप्रिल २०१७ रोजी तिनेच केले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली. एकत्र कुटुंबाची वाटणी झाली. काम तेच, विमान तेच. पण थोरल्या घरची रीत धाकट्या घराला पूर्वीसारखीच लागू राहील, असे वाटणीनंतर कोणी गृहीत धरू शकत नाही.

याच विक्रीच्या वेळी सरकारने कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची व उपदानाची हमी दिली. प्रवास-सवलतीबद्दल मात्र ती उद्योगातील प्रचलित रीतीप्रमाणे मिळेल, एवढेच सांगितले गेले. हमी आणि रीत यांत अंतर आहे. हमी मागता येते. रीत बदलली की तिच्यावर बांधलेले बेत कोसळतात. आणि १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा त्या कंपनीच्या विमानातील सवलतीला अर्थच उरला नाही.

म्हणून घरातील मुलगा किंवा मुलगी अशा नोकरीला निघाली, तर हिशेब सवलत वगळून करावा. उरलेल्या पगारात शहरातील भाडे, जेवण व बचत भागत असेल, तरच होकार द्यावा. सवलत नियुक्तिपत्रात लिहिली आहे की केवळ परिपत्रकात, सासू-सासऱ्यांना ती लागू आहे का आणि कंपनी विकली गेल्यास तिचे काय, हे तीन प्रश्न रुजू होण्यापूर्वीच विचारावेत.

पण हा विषय विमानापाशी संपत नाही. मोंढ्यातील आडत दुकानात किंवा कापडाच्या पेढीत अशाच न लिहिलेल्या सवलती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत : दिवाळीची पोस्त, मुनिमाच्या मुलीच्या लग्नाला खरेदीभावात कापड, वर्षातून एकदा सर्वांना कुंथलगिरीची यात्रा. मालकाच्या खातेवहीत ती कृपा असते. नोकराच्या मनातल्या हिशेबात तो पगाराचाच भाग असतो. त्या भरवशावर तो दुसरीकडचे चार पैसे अधिक सोडून देतो. दुकान मुलाच्या हाती आले, त्याने खर्चाचे आकडे पाहिले आणि यंदा पोस्त नाही असे धनत्रयोदशीला सांगितले, तर वाचतात ते काही हजार आणि जातो तो वीस वर्षांचा विश्वास.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ९-अ आणि चौथ्या अनुसूचीने रूढ सवलत काढून घेण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची सूचना देणे आवश्यक ठरवले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम आहे. तरीही कायद्याची वाट कशाला पाहावी? व्यापारात काळ बदलतो, सवलतीही बदलाव्या लागतात. त्यात दोष नाही. दोष आहे तो न सांगता बदलण्यात. नवे वर्ष सुरू होताना नोकराला समोर बसवावे, कारण सांगावे, शक्य असेल तर सवलतीचा काही भाग पगारात मिळवावा आणि ठरले ते कागदावर लिहून द्यावे. सवलत कमी झाली तरी चालेल. शब्द कमी पडू नये.