पकडीचे हात आणि खरी झुंज

नशिराबादहून रोज जळगावला शिकायला जाणाऱ्या मुलीला स्वसंरक्षणाचे धडे द्यावेत, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच, की शिकवायचे काय?

प्रात्यक्षिकांतले जंबियाचे हात डोळ्यांना सुखावतात. एकाने वार करायचा, दुसऱ्याने मनगट धरून पिळायचे. पण कोणता वार येणार हे तेथे दोघांनाही आधीच ठाऊक असते. खरा गुद्दा मारणारा हात पुढे ठेवून थांबत नाही. तो क्षणात मागे जातो आणि दुसरा येतो.

म्हणून जुनी विद्या टाकाऊ ठरते असे मात्र नव्हे. आमच्या खानदेशातील दंगलीत कुस्तीच्या आरंभीची खडाखडी पाहावी. मनगट, कोपर, मान यांवर ताबा मिळविण्याचीच ती धडपड असते. पकड घामाने निसटू नये म्हणून पहिलवान अंगावर माती टाकतात. तेथे हात सापडतो, कारण दोघे अंगाला भिडलेले असतात आणि प्रत्येकाने तो डाव रोज, सुटू पाहणाऱ्या जोडीदारावरच घोटलेला असतो. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो उभा केला तोही जुन्याच डावांतून. भर मात्र मुक्त झुंजीच्या सरावावर दिला.

तेव्हा आठवडाभराच्या शिबिरात मनगट पिळण्याचे दहा प्रकार दाखवून प्रमाणपत्रे वाटू नयेत. धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात सोडविणे, ओरडणे आणि पळणे, एवढेच शिकवावे. आणि जोडीदारणीला हात घट्ट, अगदी खरोखर घट्ट, धरायला सांगावे. पहिल्या दिवशी बहुतेकींचा सुटणार नाही. ते शिबिरातच कळलेले बरे.